क्रुसावरचं फूल

प्रवचनात फादर नेहमी म्हणायचे, देव रोज बोलतो, ऐकायला शिका. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणायची, फादर, कसा बोलतो तेवढं सांगा, बाकीचं मी बघते. मी तारोडीच्या कोळ्याची मुलगी, घरातली पहिली ग्रॅज्युएट. पदवीच्या गाऊनमधला माझा फोटो आयने घरातल्या आल्तारावर मरियामातेच्या शेजारी ठेवलाय, आणि मला त्यात काही चुकीचं वाटत नाही.

काशीमीऱ्याला एका गोदामाच्या ऑफिसात होते, तेव्हा पुण्याच्या शाखेत मोठी जागा मिळत होती. मला जायचं होतं. पण बाबा गेल्यापासून घरात आय आणि मी, दोघीच. आयला विचारलं तर म्हणाली, "जा की. मना काय झालंय?" आणि पाठ फिरवून बोंबील वाळत घालायला लागली. त्या पाठीला पुढे काही विचारायचं धाडस होईना. मग म्हटलं, देवालाच विचारू.

ऑफिसातली रत्नागिरीची मैत्रीण म्हणाली, "आमच्याकडे कौल लावतात. देवाला फूल लावायचं, कुठल्या बाजूला पडतं ते बघायचं. सोप्पं." रविवारी दुपारी मी आमच्या आळीतल्या क्रुसावर झेंडूचं फूल ठेवलं. रस्त्याकडे पडलं तर पुणं, समुद्राकडे पडलं तर घर. आमेन म्हणेपर्यंत फूल रस्त्यावर.

घरी धावत आले. "आय, देवानं सांगितलं, जा!" आणि सगळं सांगून टाकलं.

आयने ऐकून घेतलं, हातातला बोंबील खाली ठेवला आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगो, कोल्याची पोर ना तू? दुपारचा वारा कुठशी येतो? दर्यावरशी. फूल काय वाऱ्याच्या तोंडावर उडी मारनार होतं?"

मलाही हसू आलं. तो वारा मी चालायला लागायच्या आधीपासून ओळखते. तरी पुणं मी रस्त्याच्याच बाजूला ठेवलं होतं. हे आयच्याही ध्यानात आलं असावं, कारण तिचं हसू थांबलं. "जायाचं तुझ्या मनात हाय. मग मना का न्हाय सांगत?"

"तू तरी कुठे काय सांगतेस?"

"मी नऊ दिसांची नोव्हेना धरलीय."

"कशासाठी?"

"ती जागा दुसऱ्या कुनाला मिलू दे म्हनून."

"आय! माझ्या नोकरीविरुद्ध नोव्हेना?"

"तू वाऱ्याला हाताशी धरलंस, ते चालतं?"

संध्याकाळी जपमाळ घेऊन रोझरीला बसलो. रोझरीच्या आधी प्रत्येकाने आपला हेतू मोठ्यानं सांगायचा, अशी आमच्या घरची रीत. आजवर आम्ही शेजारणीचा मोडलेला पाय सांगितला, समुद्रात गेलेल्या होड्या सांगितल्या. स्वतःचं दोघींनी कधी सांगितलं नाही. त्या दिवशी आयने मेणबत्ती लावली. मग म्हणाली, "मरिये माते, माझ्या पोरीला पुन्यात चांगलं जमू दे. आनि मना एकटीला भ्या वाटतं. कोनतरी सोबत असू दे."

भीती वाटते, हे आयच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. बाबा तुफानात अडकले होते तेव्हाही ती म्हणाली नव्हती. माझा नंबर आला. मी म्हटलं, "मला जायचंय, आणि आयला टाकून जायचं नाही." एवढंच. कुठे काही पडलं नाही, कुठला आवाज आला नाही. पण रोझरी म्हणता म्हणता मला समोरच्या घरातली काकी आठवत राहिली. तीही एकटीच, आणि तिच्या घरची रोझरीही एकटीचीच. मी तेव्हा मन भरकटलं म्हणून स्वतःला दटावत होते. ते भरकटणं नव्हतं, असं आज वाटतं. आमेन झाल्यावर चप्पल घालून तिच्याकडे गेले आणि आयच्या सोबतीला आमच्याकडे राहायला येशील का, विचारलं.

"तुझी आय घोरते," काकी म्हणाली. "पन येईन."

मी पुण्याला गेले. अजूनही काही ठरवायचं असलं की देवाचा आवाज मला कानांनी ऐकू येत नाही. मी आधी एवढं बघते, की कुणाला विचारायचं मी टाळतेय. मग सुरुवात तिथूनच करते.

शनिवारी घरी येते. आल्तारासमोरच्या माझ्या जागेवर आता काकी बसते आणि उठायचं नाव घेत नाही. "तू पाव्हनी," म्हणते, "तिकडं दारापाशी बस." मी दारापाशी बसते. हेतू मात्र मोठ्यानं सांगते, दोघींना ऐकू जाईल असा.