घळईआधीची आंघोळ

"पाणी कुठंय? माझं पाणी कुणी घेतलं?"

आमचा गाईड ओरडत होता. माणूस ताडमाड, आणि आवाज असा की समोरच्या लाल सुळक्यावरून एक दगड निखळून खाली आला. बायको म्हणते, असं काही झालं नाही. पण तिचं लक्ष नव्हतं. गाईडच्या दोन हातांत दोन मोठे प्लॅस्टिकचे कॅन होते, दोन्ही उलटे धरलेले. दोन्हींतून मिळून एक थेंब पडला, तोही वाळूला लागायच्या आत वाळून गेला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. जागा युटाचं वाळवंट, वेळ सकाळी सातची. एक व्हॅन, चार तंबू आणि गाईड धरून आठ माणसं. ओहायोची एक म्हातारी आणि तिची बहीण, एक डेंटिस्ट आणि त्याची बायको, आणि न्यूयॉर्कजवळच्या पिस्कॅटवेहून आलेले आम्ही तिघं: मी, माझी बायको आणि सासरे. डेंटिस्टने "मी नाही" म्हणून हात वर केले, जणू कुणी बंदूकच रोखलीय. म्हाताऱ्या बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. बायकोने मला कोपर मारलं.

"अरे, बाबा कुठेत?"

उत्तर व्हॅनच्या मागून आलं. तिकडून एक स्तोत्र संथ लयीत पुढे सरकत होतं, आणि त्याच्यामागून माझे सासरे आले. ओले केस चापून बसवलेले, कपाळावर गंध, अंगात धुतलेला शर्ट, हातात घरून आणलेला पितळी तांब्या. ओला पंचा व्हॅनच्या आरशावर वाळत घातलेला. गेले तीन दिवस आम्ही सगळे वाळूत घोळलेल्या भज्यांसारखे दिसत होतो. आसपासच्या शंभर मैलांत स्वच्छ असा हा एकच माणूस होता.

"चहा झाला का रे?" त्यांनी विचारलं.

सासरे बार्शीला भूगोलाचे मास्तर होते. सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले, तेव्हा मी उत्साहाने यादी वाचली. न्यूयॉर्कचा पुतळा? "पुतळे आपल्याकडे काय कमी आहेत?" नायगारा? "पाणी वरून खाली पडतं. न पडलं तर बोलव." मग खुर्चीत जरा सरसावून बसले आणि म्हणाले, "घळई दाखवणार असाल तर येतो."

दरवर्षी जुलैत, आठवीच्या वर्गात, ते फळ्यावर रंगीत खडूंनी वाळवंटी पठारातली घळई काढायचे. उजवीकडे सरळ तुटलेला कडा, डावीकडे पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेले थर, खाली सुतळीएवढी नदी. हे चित्र त्यांनी तीस वर्षं काढलं आणि तीस वर्षं घंटा झाल्यावर पुसलं. कुणी म्हणतं काशी पाहिली की सुटलो. या गृहस्थाचा जीव घळईत अडकला होता. तीही बसवाल्यांची, कठडा लावलेली नको, "तिथं लोक आईस्क्रीम खात बघतात." म्हणून आम्ही ही तंबूची टूर घेतली, जिच्यात शेवटच्या दिवशी तीन तास चालत एका अशा कड्यावर नेणार होते की जिथे बस जातच नाही. तो शेवटचा दिवस म्हणजे आजचा. उद्या संध्याकाळी परतीचं विमान.

आता अपराध कुणाचा, ते सांगतो. माझा. आदल्या संध्याकाळी गाईडने पाण्यावर वीस मिनिटं भाषण दिलं होतं. इथे नळ नाही, विहीर नाही, गावाला दोन तास. हे चार कॅन पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी, दुसऱ्या कशालाही नाही, तोंडसुद्धा धुवायचं नाही. सासऱ्यांनी विचारलं, "काय म्हणतोय?" मी थकलेला होतो. म्हटलं, "पाणी जपून वापरा म्हणतोय."

बार्शीच्या माणसाला पाणी जपून वापरायला सांगणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. "हे मला शिकवतोय?" सासरे म्हणाले, आणि त्यांनी ते मनावर घेतलं. एरवी आंघोळीला दोन बादल्या लागतात, त्यांनी दीड वापरली. पंचा उरलेल्यात धुतला. आंघोळीशिवाय चहा घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम तापातही मोडला नव्हता. जानेवारीत पिस्कॅटवेला आमचे पाइप गोठले, तर या माणसाने अंगणातला बर्फ घमेल्यात भरून वितळवला आणि आंघोळ केली. शेजारच्यांनी खिडकीतून पाहिलं आणि पुढच्याच महिन्यात घर विकलं. वाळवंटातली पहाट तर थंडच, म्हणून त्यांनी गाईडच्या स्पॅगेटीच्या पातेल्यात पाणी कढत करून घेतलं होतं. पातेलं घासून जागेवर ठेवलं होतं, हेही सांगायला हवं.

"मी वापरलं," सासरे मराठीत म्हणाले. "साबण लावला नाही, सांग त्याला."

गाईडने कॅन खाली ठेवले. दोन कॅनमध्ये आठ माणसं सहा तास उन्हात नेणं जमणार नाही, तो म्हणाला. तंबू गुंडाळा, गावात जाऊ, चालणं कॅन्सल. डेंटिस्टच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहा, वाळवंटात तेवढंच काय ते फुकट गेलं. माझी बायको माझ्याकडे अशी पाहत होती की मला गावापर्यंत चालत जावंसं वाटलं.

अशा वेळी माझी जीभ माझी राहत नाही. मी पुढे झालो, हात जोडले आणि इंग्लिशमध्ये सुरू केलं. आमच्याकडे, मी म्हणालो, फार प्राचीन प्रथा आहे. आयुष्यात प्रथमच महान घळईचं दर्शन घ्यायचं असेल, तर सूर्योदयापूर्वी स्नान करावं लागतं. एकदाच. तसं केलं नाही तर सात पिढ्या...

म्हातारीने डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. डेंटिस्टने मान खाली घातली. गाईडसुद्धा जरा नरमला. आणखी दोन वाक्यं मिळाली असती, तर त्याने उरलेले कॅनही घळईला वाहिले असते.

पण सासरे इंग्लिश बोलत नसले आणि गाईडचं अमेरिकन त्यांना कळत नसलं, तरी माझं मराठी वळणाचं इंग्लिश त्यांना समजायचं सगळं.

"नो, नो," ते बोट हलवत म्हणाले. "डेली."

म्हातारीची हॅट पुन्हा डोक्यावर गेली. मग ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "खोटं बोलू नकोस. त्याला सांग, माझ्या वाटचं पाणी मी वापरलं. मी इथं तंबूत बसतो. तुम्ही सगळे जाऊन या."

"बाबा, अहो काय बोलताय?" बायको म्हणाली. "तुमच्यासाठीच तर आलोय!"

"आलात ना? मग बघून या. मला सांगा कशी आहे ते." आणि खरंच घडीच्या खुर्चीत जाऊन बसले, तांब्या मांडीवर, पाठ घळईच्या दिशेला.

मी भाषांतर केलं. या वेळी जसंच्या तसं. शेवटी माझं एकच वाक्य जोडलं, की हे मास्तर होते, आणि तेही खरं.

म्हातारीने विचारलं, "ते काय शिकवायचे?" भूगोल, मी म्हणालो, ही घळई, तीस वर्षं, खडूने. ती स्वतः तिसरीची मास्तरीण निघाली. ती तडक सासऱ्यांपाशी गेली आणि आपल्या बाटलीतलं अर्धं पाणी तिने त्यांच्या तांब्यात ओतलं. तिच्या बहिणीनेही ओतलं. मग डेंटिस्ट जोडपं आलं, आम्ही आलो, आणि तांब्या गळ्यापर्यंत भरला. गाईड सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिला. मग शिवी हासडून व्हॅनच्या सीटखाली वाकला आणि त्याने एक पाचवा कॅन ओढून काढला. इंजिन तापलं तर घालायला ठेवलेला, चांगल्या पाण्याचा. "उद्या गाडी तापली," तो म्हणाला, "तर हा माणूस ढकलेल."

आम्ही निघालो. पुढे गाईड, मागे सासरे, त्यांच्यामागे आम्ही. त्यांना कुणी पिशवी दिली ती त्यांनी नाकारली. भरलेला उघडा तांब्या हातात धरून तीन तास चालले, एक थेंब सांडला नाही. आता, मराठी माणूस सकाळच्या वेळी हातात भरला तांब्या घेऊन उघड्या माळावरून निघाला, तर तो कुठे चाललाय हे बार्शीत शेंबडं पोरही सांगेल. म्हातारी मात्र भारावली होती. "यालाही काही अर्थ असेल ना?" तिने मला हळूच विचारलं.

"फार प्राचीन," मी म्हणालो. एका दिवसात माणूस किती सुधारणार?

आणि मग जमीन संपली. उजवीकडे कडा सरळ तुटलेला. डावीकडे तांबडे, पिवळे, राखाडी थर एकाखाली एक उतरत गेलेले. तळाशी, विश्वास बसणार नाही इतकी बारीक, नदी. सासरे टोकाशी उभे राहिले. वरून धार धरून दोन घोट प्यायले. तांब्या खाली ठेवला आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत उचलून काहीतरी रेघ ओढत राहिले, खडू धरल्यासारखी. आम्ही मागे थांबलो. अर्धा तास गेला, गाईडनेही घाई केली नाही.

शेवटी बायकोला राहवलं नाही. ती जवळ गेली, त्यांचा हात धरला.

"बाबा, कशी आहे?"

त्यांनी पुन्हा एकदा डावीकडे नीट पाहिलं.

"मी काढायचो तशीच आहे," सासरे म्हणाले. "डावीकडचा उतार तेवढा चुकलाय."