न केलेल्या चुकीवर सही

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या बाटल्यांची झाकणं तयार करणारा एक कारखाना आहे. तिथलं कॉम्प्युटर आणि नेटवर्कचं सगळं काम नमिता म्हात्रे चौदा वर्षं बघत होत्या. या चौदा वर्षांत मॅनेजर पाच झाले. नमिताबाई मात्र 'सिस्टिम असिस्टंट' म्हणून लागल्या आणि तशाच राहिल्या.

गोठिवली त्यांचं माहेर, ऐरोलीजवळचं दिवा गाव सासर. वडील पंढरी यांची भातशेती याच वसाहतीत गेली, तेव्हा नमिताबाई जन्मल्याही नव्हत्या. बारावीनंतर त्यांनी हार्डवेअरचा कोर्स केला, आणि दोन्ही घरांत कॉम्प्युटर उघडून बघणारी पहिली बाई म्हणून त्यांची थोडी थट्टाही झाली आणि थोडं कौतुकही. त्यांचं काम शिस्तीचं. कुठलंही सेटिंग बदललं की फुलस्केप वहीत तारीख, वेळ, कारण आणि कोणी सांगितलं ते लिहायचं. ही सवय त्यांना कोणी लावली नव्हती.

आणि अशा बाईला 'मी विसरले' असं लिहून द्यायला सांगण्यात आलं.

झालं होतं ते असं. कारखान्याच्या इंटरनेटच्या दारावर फायरवॉल नावाचं एक लहानसं यंत्र बसवलेलं होतं. आत कोणी यायचं, बाहेर काय जायचं, याचे नियम त्याच्यात असतात. त्याच्या पोटात फिरणारी डिस्क नव्हती. टपाल तिकिटाएवढं एक फ्लॅश कार्ड होतं, आणि ते कार्ड सदैव 'रीड-ओन्ली' म्हणजे फक्त वाचण्यापुरतं उघडं असे. नवा नियम जतन करताना तेवढ्यापुरतं ते लिहिण्यासाठी उघडायचं आणि लगेच मिटायचं. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी त्याला धक्का लागत नसे. ते सोयीचंच होतं, कारण एकदा ऑफिसात शॉर्ट सर्किटने आग लागली तेव्हापासून झाडलोट करणाऱ्या विमलबाई रोज संध्याकाळी सात वाजता, सगळे गेले की, मेन स्विच बंद करून कुलूप लावत. अकरा वर्षं ते यंत्र हे सोसत आलं होतं.

जुलैपासून मात्र नवे नियम टिकेनासे झाले. न्हावा शेव्याच्या कस्टम एजंटाकडे कागद पाठवण्यासाठी एक नियम घालावा लागे. नमिताबाई तो दुपारी घालत, पडद्यावर 'सेव्ह्ड' अशी हिरवी अक्षरं उमटत, कागद जात. दुसऱ्या दिवशी सकाळी मेन चालू केला की नियम गायब. तिसऱ्या वेळी कागद सकाळीच पाठवायचे होते, ते वेळेत गेले नाहीत आणि दोन कंटेनर बंदराच्या फाटकाबाहेर अडकून जहाज चुकलं.

नेटवर्कच्या देखरेखीसाठी ऐरोलीतल्या एका कंपनीला जूनच्या सुरुवातीला सल्लागार म्हणून आणलं होतं. तिचा इंजिनीयर केयूर. त्याने आपल्या ऑफिसात बसूनच अहवाल पाठवला: मानवी चूक. नमिताबाईंना ठपक्याची दोन पत्रं मिळाली. आता तिसरं, आणि त्याच्यावर त्यांची सही हवी होती. सही झाली की नेटवर्क केयूरच्या कंपनीकडे जाणार आणि नमिताबाई तळोज्याच्या गोदामात खोकी मोजायला.

"मॅडम, सही करा आणि मोकळ्या व्हा," मॅनेजर नंदकुमार म्हणाले.

"विसरले नाही, तर विसरले असं कसं लिहू, साहेब?"

"भाषा सौम्य केलीय मी. 'निष्काळजीपणा' होतं, त्याचं 'अनवधान' केलं."

"उपकार झाले." नमिताबाईंनी वही पुढे सरकवली. "तीनही दिवशी नियम घातल्याची नोंद आहे. वेळेसकट."

नंदकुमारांनी वही उघडलीही नाही. "वहीत काय, कोणीही काहीही लिहील."

केयूर त्या दिवशी समोरच बसला होता. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, अप्लाय आणि सेव्ह वेगळं असतं. सेव्ह केलं तरच नियम टिकतो. सीनियर लोकांचं होतं कधी कधी कन्फ्युजन. टेन्शन नका घेऊ."

केयूर आठवीत होता तेव्हापासून नमिताबाई हे काम करत होत्या. पण त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडताच त्यांनी सर्व्हरचं कपाट उघडलं, यंत्राला केबल लावून लॅपटॉप जोडला आणि ते बंद करून पुन्हा चालू केलं. उठताना यंत्र स्वतःशी काय बोलतं ते ओळीओळीने समोर आलं. कार्ड खराब अवस्थेत सापडलं, लिहिण्यासाठी उघडता येत नाही, फक्त वाचण्यासाठी उघडत आहे. म्हणजे पडद्यावरची हिरवी अक्षरं खोटी होती. नियम तात्पुरत्या स्मृतीत बसत होते आणि मेन बंद होताच पुसले जात होते. त्यांनी दुरुस्तीची आज्ञा दोनदा देऊन पाहिली. कार्डाचे काही भाग मेलेलेच निघाले.

मग त्यांनी यंत्रातली बदलांची यादी उघडली. कोणी, कधी, काय बदललं, हे यंत्र आपणच लिहून ठेवतं. अकरा जूनला केयूरच्या नावाने एक बदल होता: कार्ड कायम लिहिण्यासाठी उघडं ठेवा. त्याला आपल्या ऑफिसात बसून रोजचे रिपोर्ट हवे होते, म्हणून. तेव्हापासून कार्डावर दिवसभर लिहिणं चालू, आणि सात वाजता ऐन लिहिण्यात वीज बंद. दोन जुलैला यादी संपत होती, म्हणजे कार्ड त्याच दिवशी मेलं होतं. त्यानंतर नमिताबाईंचं काही नव्हतं, आणि केयूरचंही नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी दोघांनाही कपाटापाशी बोलावलं.

"केयूर, गेल्या बुधवारी तुम्ही एक नियम घातलात ना? साहेबांना मेल पण केला होता."

"हो. बॅकअपसाठी."

"दाखवा साहेबांना."

केयूरने शोधलं. पुन्हा शोधलं. नियम नव्हता.

"तुम्हीपण विसरलात का?" नमिताबाईंनी विचारलं. "की तुमचंही कन्फ्युजन झालं? बरं, आता घाला. तुमच्या हाताने. सेव्ह, अप्लाय, काय काय वेगळं असतं ते सगळं करा."

त्याने सगळं केलं. हिरवी अक्षरं उमटली. नमिताबाईंनी विमलबाईंना हाक मारली, "मावशी, मेन खाली करा. आणि परत वर." यंत्र पुन्हा उठायला चार मिनिटं लागली. नियम गायब होता.

नमिताबाईंनी अकरा जूनची नोंद दाखवली. केयूर म्हणाला, "पण सर, रूट कॉज बघा ना. रोज असा मेन कोण बंद करतं? प्रॉब्लेम तिथे आहे."

दारात उभ्या विमलबाईंचा चेहरा पडला. "मना सायबांनीच सांगला हाय, आफिस सोरताना मेन खाली कराची. माजा काय चुकला?"

"काही नाही चुकलं, मावशी," नमिताबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज चढला. "अकरा वर्षं रोज बंद होत होता मेन. काही बिघडलं नाही. तसंच बनवलंय ते यंत्र. ज्याने न विचारता, न सांगता ते उघडं ठेवलं, त्याची चूक. आधी माझ्यावर, आता मावशींवर. अजून खाली कोणी उरलंय का?"

नंदकुमारांनी हात वर केले. "शांत व्हा, मॅडम. कारणाच्या रकान्यात आपण 'तांत्रिक बिघाड' लिहू. कोणाचंच नाव नको."

"दोन महिने नाव होतंच की, साहेब. माझं होतं."

"ती पत्रं राहतील फाइलला, कोण वाचतंय?"

हे ऐकल्यावर नमिताबाई कपाटाकडे वळल्या. कपाटातल्या खोक्यातून त्यांनी जपून ठेवलेलं दुसरं कार्ड काढलं, त्यावर जूनआधीची जतन केलेली प्रत चढवली, यंत्र पुन्हा 'रीड-ओन्ली' केलं आणि कस्टम एजंटाचा नियम घातला. मेन दोनदा खाली-वर करून घेतला. नियम जागेवर होता.

मग जागेवर बसून त्यांनी कोऱ्या कागदावर हाताने लिहायला घेतलं. अकरा जून, दोन जुलै, आजची चाचणी, हजर माणसांची नावं. शेवटी लिहिलं की दोन्ही पत्रं सात दिवसांत लेखी मागे घ्यावीत. कागदाची एक प्रत काढली आणि दोन्ही घेऊन त्या आवक-जावकच्या टेबलापाशी गेल्या. तिथे स्मिता बसत.

स्मिताने वाचलं. मग केबिनकडे नजर टाकली. "ताई, साहेबांना विचारू का आधी?"

"पत्र त्यांच्याच नावाने आहे. पोच दे."

काचेच्या आडून नंदकुमारांनी हे बघितलं असावं. ते दार उघडून म्हणाले, "स्मिता, ते पत्र जरा थांबवा."

स्मिताने प्रतीवर शिक्का दाबला, त्याच्याखाली आवक क्रमांक आणि तारीख घातली आणि कागद नमिताबाईंच्या हातात दिला.

"शिक्का पडला, सर," ती म्हणाली.