कूलरच्या स्टँडवरचं मशीन

दहा-बारा वर्षांपूर्वी मी आणि माझ्या मित्रानं लाकडावर नक्षी कोरणारं, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन घरीच बनवलं. हिवाळ्यात रिकामा असलेला कूलरचा लोखंडी स्टँड त्याला अगदी बरोबर बसला. आता फक्त ते चालवणारा प्रोग्राम निवडायचा होता. मला सोपा हवा होता, त्याला वेगवान. त्याच्या मते मी मूर्ख होतो, माझ्या मते तो. मशीन एकदाही सुरू न करता आम्ही होळीपर्यंत भांडलो. मग बायको म्हणाली, "अहो, ऊन तापून राहिलं, कूलर काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

मशीन सुटं होऊन माळ्यावर गेलं. वाद मात्र कूलरच्या गार हवेत उन्हाळाभर रंगला. आम्हा दोघांनाही खोटं पाडू शकणारं मशीन आता मध्ये नव्हतं.