पायपीट सर आणि रंगाऱ्यांची गल्ली

पर्यटनाच्या कॉलेजात त्यांना सगळे पायपीट सर म्हणत. वर्गात बसून कुणी गाइड होतं का, असं म्हणत ते पोरांना गावभर फिरवून जेरीस आणायचे. त्यांचा एक हट्ट होता. ज्या जागेची माहिती सांगायची, ती आधी तिथे राहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवायची. दहापैकी गुण तो माणूस देणार, सर नाहीत.

वर्गातल्या चिमणीला तिच्या सख्ख्या आजीनेच दहापैकी चार दिले होते. आजी नदीकाठच्या रंगाऱ्यांच्या गल्लीत वाढलेली. ती गल्ली पाडून सरकारने तिथे बाग केली, त्याला चाळीस वर्षं झाली. "कापडं रंगवायच्या कढया कुठे होत्या ते सांगितलंस, पण आमचे हात कोपरापर्यंत निळे असायचे ते कोण सांगणार? तुझा काका?" आजी डाफरली. चौथ्या खेपेला दहा मिळाले तेव्हा आजी रडली, आणि सरही पाठ फिरवून नाक पुसत राहिले.

मग माहिती खात्याची फिल्म आली. गोड आवाजाची बाई, उंचावरून टिपलेली बाग, आणि 'या रम्य काठावर पूर्वापार बाग आहे' हे वाक्य. टीव्हीवर तीच, मोबाइलवर तीच. महिन्याभरात अख्खा वर्ग त्या बाईसारखा बोलायला लागला. वर खात्याचा हुकूम निघाला, की फिल्मबाहेरचं बोलाल तर गाइडचा बिल्ला मिळणार नाही. बिल्ला नाही म्हणजे काम नाही.

चिमणी एकटीच अडून बसली. "मी आजीचंच सांगणार."

आणि इथे सरांनी माती खाल्ली. बिल्ल्याच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळ, घरात कमावणारी तू एकटी. उद्या फिल्मचंच बोल. एकदा बिल्ला हातात पडू दे, मग सांग खुशाल आजीचं. कोण अडवतंय?" तिने ऐकलं. पहिली आली.

तीन वर्षांनी आजी गेल्याचं कळलं, तेव्हा सरांना राहवेना. आता ती गल्ली उरली असेल तर या पोरीच्या तोंडीच. तिकीट काढून ते तिच्या फेरीत सामील झाले आणि घोळक्याच्या मागे उभे राहिले.

बागेपाशी चिमणी थांबली. तोच गोड आवाज, तेच 'पूर्वापार'. एका पाहुण्याने विचारलं, "इथे कधी वस्ती नव्हती का हो?"

सरांचा जीव कानांत गोळा झाला.

चिमणी हसली. "माझी आजी म्हणायची, इथे रंगाऱ्यांची शंभर घरं होती म्हणून! म्हातारपणी काहीही बोलायची बिचारी."

लोक खो खो हसले. सर तिच्या चेहऱ्यावर भीती शोधत राहिले, निदान लपवाछपवी तरी. काही नव्हतं हो. पोरीला ते 'पूर्वापार'च खरं वाटत होतं.

तेवढ्यात तिची नजर घोळक्याच्या मागे गेली. "अगंबाई, सर!" तिने हाताला धरून त्यांना पुढे ओढलं. "हे माझे सर. मी आज जे बोलते ना, ते यांच्यामुळे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "नाही हो," म्हणायला सरांनी तोंड उघडलं, पण नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? टाळ्या थांबेपर्यंत ते मान खाली घालून उभे राहिले.