काकू, अनिकेत अंधारात काय बघायचा

अनिकेत जाऊन आज वर्ष झालं आणि मी अजूनही त्याच्यावर जळतो.

काकू, राग मानू नका. हे तुमच्यासाठीच लिहितोय, पण मला गोड लिहिता येत नाही.

काल वैष्णवी इथल्या कोठी बाजारात, माझ्या मामाच्या पुस्तकाच्या दुकानात आली. म्हणाली, अनिकेतच्या आईला उदगीरला मोबाईलवर वाचता येईल असं मराठीत काहीतरी ऑनलाइन टाक.

ती ह्याच शहरातल्या नल्लकुंटा भागातली. घरी मराठी बोलते, शाळा मात्र तेलुगू नि इंग्लिश.

"तूच लिव रे. मला येत असतं तर तुला कायकू बोलली असती?"

म्हणजे ज्याच्यामुळे ती माझी झाली नाही, त्याचं कौतुक मीच लिहायचं.

आम्ही तिघं एका वर्गात होतो. मी दुसऱ्या वर्षी सरांशी भांडून कॉलेज सोडलं. ते दोघं शिकत राहिले, एकाच लॅबमध्ये गेले.

संध्याकाळी फोन लावला की दोघांचेही बंद.

एकदा डोकं फिरलं. बाईक काढली आणि सरळ लॅब गाठली.

खोलीत अंधार. दोघं शेजारी शेजारी.

अनिकेत म्हणाला, "आलास? मोबाईल खिशात ठेव, उजेड चालत नाही. बस, तूही बघ."

भांडायला गेलो होतो. बसलो.

काकू, तुम्ही शेजारीपाजारी सांगता ना, पोरगा पोटाचा डॉक्टर होणार होता? तसं नव्हतं. तो हे बघायचा.

कोमट पाण्यात उंदराच्या आतड्याचा इवलासा तुकडा. त्यात काही खास पेशी, आणि त्यांच्या आत साठवलेलं कॅल्शियम. ते सुटलं की स्क्रीनवर ठिणगी दिसते.

इथे एक. तिथे एक.

मग एकदम सगळीकडे. लाट जाते आणि तुकडा आकसतो.

मेंदू नाही, शरीर नाही, तरी ठेका चालू.

हुकूम कोण देतं, मी विचारलं.

"कुणीच नाही. ह्या पेशीच ठेका धरतात, स्नायू त्यांच्यामागे जातात. आपलं जेवण पुढे सरकतं ते ह्यांच्या जिवावर."

भारी होतं. तेच तर झोंबलं.

लाट आली की वैष्णवी हसायची. स्क्रीनकडे बघून नाही.

आता तिचा निरोप.

शुगर जुनी झाली की ह्या पेशी कमी होऊ शकतात. पोट सुस्त पडतं. अर्धी भाकरी खाल्ली तरी तट्ट फुगतं.

तुमचं फुगतं तसं, काकू.

अनिकेतने म्हणून हा विषय घेतला होता. तुम्हाला बोलला नाही, कारण औषध अजून लांब होतं. रिकाम्या हाताने आईला काय सांगू, म्हणायचा. मग तापाचं निमित्त झालं आणि सांगायचं राहूनच गेलं.

एवढं बोलून वैष्णवी थांबली. खाली तुझं काय लिहू, मी विचारलं. मैत्रीण?

"हौ. मैत्रीण लिव."

टाईप केलं. ती दुकानाच्या पायरीपर्यंत गेली आणि परत आली.

"काढ ते. सून झाली असती, असं लिव."

वर्षभर मला वाटत होतं, थोडं थांबलं की... जाऊ दे.

काकू, वैष्णवी तुमची सून झाली असती. ओळ तिची, अक्षरं माझी.

वैष्णवी, ट्रान्सलेटचं बटण दाबू नकोस. मीच वाचून दाखवेन, माझ्या ओळी गाळून.

अन्या, तुझं राहिलेलं तुझ्या आईला सांगितलं. तिचंही सांगितलं. माझं सांगण्यासारखं काही उरलं नाही.

जा आता. श्रद्धांजली मनापासून देतोय, जळत जळत का होईना.