दोन इंचांची तक्रार

निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, पण त्या सोमवारची सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे येते. कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. हजेरी नुकतीच संपली होती. पन्नाशीच्या एक बाई ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि त्यांनी पिशवीतून जरीकाठाचा नवा ब्लाउज काढून ठेवला.

"टेलरबाईनं बिघडवलाय. लिवून घ्या."

"मावशी, हितं आम्ही चोऱ्या, मारामाऱ्यांच्या तक्रारी घेतो."

"मग ब्लाउजसाठी मारामारी करून येऊ व्हय? पोरीच्या साखरपुड्यात हुक लागंना म्हणून पदर गुंडाळून बसलोय मी दिवसभर!"

अंमलदार हसला. मी त्यांना आत बोलावले. ब्लाउज बिघडणे हा गुन्हा नाही, हे मलाही ठाऊक होते. पण माणूस ठाण्याची पायरी सहसा उगाच चढत नाही. टेलरबाई किती वर्षे शिवतात, असे विचारले.

"वीस वर्षं तरी. कधी बोटाचा फरक न्हाय. ह्यावेळी मी बारीक झालो म्हणून नव्या मापाचं शिवलं."

"बारीक कशाने झालात?"

मावशी थोड्या लाजल्या. "क्रीम लावतोय की."

क्रीमची गुलाबी डबी त्यांनी दुपारी आणून दिली. पंधरा दिवसांत घेर दोन इंच कमी, त्वचा घट्ट, व्यायामाची गरज नाही, असे वर छापले होते. डबी टेलरबाईंच्याच दुकानातून घेतलेली होती. आमच्या महिला हवालदाराने गल्लीत चौकशी केली. क्रीम लावणाऱ्या अकरा जणी निघाल्या आणि अकरा जणींचे नवे ब्लाउज घट्ट होत होते.

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. कागदावर चित्र साधे होते. क्रीम आणून देणाऱ्या एजंटाचा पत्ता नव्हता. प्रत्येक डबी टेलरबाईंच्या हातून गेली होती, म्हणजे पहिल्या आरोपी त्याच. एका शिलाई मशीनवर त्यांचे घर चालत होते. अटक झाली असती तर गल्लीतल्या एकीनेही पुन्हा त्यांच्यापुढे माप द्यायला उभे राहणे अवघड होते.

चौकशीत त्या अडखळल्या नाहीत. "साहेब, खोटं एक अक्षर न्हाय. आधीचं माप माझ्या वहीत हाय, नंतरचं मी सोता घेतलंय. दोन इंच उतरलंयच."

खोटे बोलणारा माणूस बहुधा तपशील बदलत राहतो. या तीनदा तेच बोलल्या. त्या बाहेर गेल्यावर हवालदार हळूच म्हणाली, "साहेब, त्यांनी सोताचा ब्लाउजबी दोन इंच आत घेतलाय. पंख्याचं बटण दाबायला हात वर जाईना त्यांचा. फसवणारी बाई सोताला कशाला आवळून घेईल?"

मी टेलरबाईंना माप घेण्याचे सगळे सामान आणायला सांगितले. टेबलावर एक लाकडी पट्टी आणि गुलाबी टेप आला. वही मात्र त्यांनी आणली नाही. टेप एजंटाने क्रीमच्या पहिल्या पेटीबरोबर भेट दिला होता. जुन्या टेपवरचे आकडे पुसट झाले होते, म्हणून त्यांनी तो आनंदाने गळ्यात घातला. अपघाताच्या पंचनाम्यात वापरतो तो ठाण्यातला स्टीलचा टेप मी त्याच्या शेजारी पसरला. गुलाबी टेपवरचा चौतीसचा आकडा स्टीलच्या छत्तीसवर येऊन थांबला.

टेलरबाईंनी दोन्ही टेप स्वतः उचलून पुन्हा लावून पाहिले. मग गुलाबी टेप दूर सारला.

एजंटाने त्यांची कामाची पद्धत नीट पाहून ठेवली होती. क्रीमच्या आधीचे माप त्यांच्या जुन्या वहीतले, म्हणजे खऱ्या इंचांचे. नंतरचे माप या लांब इंचांच्या टेपने. अंगाचे माप त्या टेपने घेत आणि कापडावर खुणा मात्र नेहमीच्या लाकडी पट्टीने करत. म्हणून वहीत कंबर उतरली आणि ब्लाउज आवळला.

औषध निरीक्षकांनी नमुना तपासायला नेला. ते म्हणाले, "अशा क्रीमने कातडी मऊ होते. पुदिन्याच्या अर्काने गार लागतं, थोडा वेळ ताणल्यासारखं वाटतं. आतली चरबी डबीतल्या क्रीमने हलत नाही."

एजंट आठवड्याभरात कुरुंदवाडला सापडला. एका सभागृहात त्याचे प्रात्यक्षिक चालू होते. साध्या वेशात गेलेली आमची हवालदार रांगेत उभी राहिली, नंबर आल्यावर पिशवीतून स्टीलचा टेप काढून म्हणाली, "पावणं, आधी तुमचा टेप मोजू या की."

त्याचा बचाव तयार होता. टेप कंपनीने छापला, मापे टेलरबाईंनी घेतली, विक्री त्यांनी केली, मी फक्त पेट्या पोचवल्या. हे खोडायचे तर प्रत्येक बाईचे वहीतले माप, टेपचे माप आणि आजचे खरे माप जबाबात यायला हवे होते. फरक टेलरबाईंच्या हाताने नव्हे, त्याने दिलेल्या टेपनेच पडला, हे त्याशिवाय सिद्ध होत नव्हते. निरोप पाठवले, मावशींसकट एकही बाई आली नाही. कोर्टात आपली कंबर वाचून दाखवतील, ही सगळ्यांची भीती.

टेलरबाईंकडे वही मागितली. त्यांनी मान हलवली.

"न्हाय साहेब. वीस वर्षांत एकीचं माप दुसरीला सांगितलं न्हाय मी. मला आत घाला, वही मिळायची न्हाय."

वही जप्त करण्याचा अधिकार मला होता. मी एक दिवस थांबलो. हवालदार तेवढ्यात गल्लीत जाऊन मावशींना हे सगळे सांगून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरबाईंना पुन्हा बोलावले, तेव्हा ठाण्याच्या व्हरांड्यात अकरा जणी उभ्या होत्या. मावशी सगळ्यांत पुढे.

"अक्का, दे ती वही," त्या टेलरबाईंवर ओरडल्या. "आमच्यापायी जेलात जातीस व्हय? मग ब्लाउज कुणी उसवायचे?" मग माझ्याकडे वळून, ठाण्याबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "लिवा साहेब. कंबर छत्तीस. काय चोरीची हाय व्हय?"

मागून कुणीतरी म्हणाले, "माझी चाळीस लिवा. अडतीस म्हणालतो, ते खोटं हुतं."

सगळ्या हसल्या. टेलरबाई पदराने डोळे पुसत वही आणायला गेल्या. महिला कक्षात मापे घेणे संध्याकाळपर्यंत चालले. दोषारोपपत्रात टेलरबाईंचे नाव साक्षीदारांच्या यादीत गेले.

नोकरीत मी साक्षीदार फुटताना पुष्कळ पाहिले. डोळ्यांदेखत घडलेला गुन्हा पाहिला नाही म्हणणारी धट्टीकट्टी माणसे पाहिली. या अकरा जणींनी जो आकडा घटवण्यासाठी क्रीम विकत घेतले होते, तोच आकडा एका शेजारणीसाठी भर ठाण्यात सांगितला. त्या प्रकरणानंतर मी एक सवय लावून घेतली. साक्षीदार यायला तयार नसला की समन्सची भीती घालण्याआधी, त्याच्या येण्याने कुणाचे काय वाचणार आहे, हे त्याच्या घरी जाऊन सांगायचे. निवृत्त होईपर्यंत ते करत राहिलो. पुष्कळ वेळा माणसे आपल्या पायांनी ठाण्यात आली.