सरांच्या कोंबड्यांना जंत झाले तेव्हा

सरांनी आयुष्यात कधी कोणाला काही विचारलं नाही. ते सांगत. वाट चुकले तरी रस्त्यातल्या माणसाला थांबवून "ही गल्ली चुकीच्या ठिकाणी काढलीय" असं ऐकवणारा हा गृहस्थ. सदाशिव पेठेत त्यांचा दहावीच्या गणिताचा क्लास होता. तो बंद करून, जागा विकून ते धायरीत आमच्या शेजारच्या रो-हाउसमध्ये राहायला आले आणि पोरं हाताशी नाहीत म्हणून त्यांनी अख्ख्या गल्लीलाच वर्गात बसवलं. वाक्य संपलं की "समजलं का?" म्हणत. आपण तोंड उघडायच्या आत "नाही समजलं. चेहऱ्यावर दिसतंय," हेही तेच म्हणत.

तेवढ्यानेही भागेना, म्हणून त्यांनी गावरान कोंबड्या आणल्या. नावं अंड्यांच्या हिशेबाने ठेवली. सगळ्यांत जास्त अंडी देणारी तपकिरी कोंबडी ती 'मेरिट', तिच्या खालोखालची 'फर्स्ट क्लास', आणि एका पायाने लंगडणारी, आठवण आली तर अंडं देणारी काळी, ती 'काठावर'. मेरिटला हातावर तांदळाची कणी मिळे. काठावरला उपदेश. खुराडं मात्र त्यांनी बांधलं नाही. "खुराडं म्हणजे तुरुंग, बाई. पक्षी मोकळाच हवा." मोकळे पक्षी दिवसभर माझ्या अंगणात घाण करत आणि रात्री त्यांच्या पेरूवर चढून झोपत. माझा कोंबड्यांवर राग नव्हता. त्यांना वळण लावणारा कोण होता, ते मला ठाऊक होतं.

अंडी ते गल्लीत फुकट वाटत आणि वसुली तिथल्या तिथे करत. "हे अंडं आहे. आजवर तुम्ही खाल्लंत ते नव्हे." मग गावरान अंड्याचे गुण, ब्रॉयलरचे दुर्गुण, आमच्या पिढीचं पोट आणि पुढच्या पिढीची बुद्धी. एका अंड्यापायी एवढा वेळ दारात उभं राहण्यापेक्षा दुकानातलं परवडे.

उन्हाळा सुरू झाला तशी त्यांच्या फाटकावर पाटी लागली. 'पक्ष्यांसाठी पाणी ठेवावे. ठेवत नसल्यास कारण कळवावे.' कारण कळवायला जाणार कोण? समोरच्या शेखभाभींनी मातीचं परळ आणलं, पलीकडच्या घरात भाड्याने राहणाऱ्या आयटीतल्या मुलांनी आइस्क्रीमचा डबा ठेवला, मी जुनं पितळी पातेलं काढलं. गल्लीत दारोदार पाणी झालं. चिमण्या आल्या असतील, मी पाहिल्या नाहीत. सरांच्या कोंबड्या मात्र रोज येऊन पिऊन जात.

एका सकाळी अंगण झाडताना कोंबडीच्या विष्ठेत उकडलेल्या शेवयांसारखं काहीतरी दिसलं. शेवया वळवळत होत्या. मी कुंपणावरून सांगितलं, "सर, तुमच्या कोंबड्यांना जंत झालेत."

"अहो बाई, जंत ब्रॉयलरला होतात. गावरानला नाही. समजलं का?"

दिवसभर माती उकरत, एकमेकींच्या घाणीत चोच घालत हिंडणाऱ्या कोंबड्यांना जंत होणार नाहीत तर काय शेडमध्ये पंख्याखाली बसणाऱ्यांना होतील? पण हे सरांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी लसूण ठेचून घातला. भोपळ्याच्या बिया झाल्या, कडुनिंब झाला. जंतांना तो पाहुणचारच वाटला असावा. मेरिटचा लालभडक तुरा फिका पडत गेला, छातीचं हाड हाताला लागायला लागलं, अंडी बंद झाली. मग एक दिवस सर तिला कापडी पिशवीत घालून, कोणाला दिसू नये अशा बेताने स्कूटरवरून जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पिशवीतून डोकं बाहेर होतं. गल्लीतल्या सगळ्यांनी पाहिलं.

डॉक्टरांनी औषध दिलं ते पाण्यातून पाजायचं. संध्याकाळपासून साधं पाणी बंद, सकाळी तहानेल्या कोंबड्यांपुढे फक्त औषधाचं पाणी. सरांनी भांडं भरून ठेवलं आणि "प्या, औषध आहे," असं बजावून सांगितलं. कोंबड्यांनी एकेक चोच बुडवली, माना झटकल्या आणि सरळ कुंपणाखालून माझ्या पातेल्यावर आल्या. तिथून शेखभाभींच्या परळावर. मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी होते. ज्यांनी पाटी लावून पाणी ठेवायला लावलं, त्यांच्याच औषधावर ते पाणी पडत होतं. मला फार बरं वाटलं. पातेलं मी काही उचललं नाही. मला कोणी विचारलं नव्हतं.

मेरिट एवढी खंगली होती की तिला मांडीवर घेऊन सरांना चमच्याने औषध पाजता आलं. पण तोवर तिच्यात काही उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेरूखाली सर एकटेच खड्डा खणताना दिसले. त्या माणसाला गप्प पाहून मला कसंतरीच झालं.

संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात सर. हातात अंडं नाही, ओठांवर व्याख्यान नाही.

"बाई, एक विचारायचं होतं."

हे शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते.

"आज रात्रीपासून उद्या दुपारपर्यंत तुमचं भांडं पालथं घालाल का?"

"का?" मला कारण ठाऊक होतं, पण ऐकायचं होतं.

"कोंबड्यांना जंत झालेत. मेरिट गेली. उशिरा विचारलं मी. बाकीच्या तरी वाचू देत."

मी त्यांच्या देखत पातेलं पालथं घातलं. मग ते एकेका दारात जाऊन तेच वाक्य म्हणत गेले. शेखभाभी म्हणाल्या, "अहो सर, एवढंच ना? आधी नाही का सांगायचं?" आयटीतला मुलगा म्हणाला, "नो टेन्शन, अंकल." एरवी 'अंकल' म्हणणाऱ्याचा त्यांनी तिथेच तास घेतला असता. त्या दिवशी त्यांनी त्याला "थँक्यू" म्हटलं.

सकाळी गल्लीत एकही भांडं उताणं नव्हतं. कोंबड्या दारोदार हिंडल्या, पालथ्या बुडांवर चोची आपटल्या आणि शेवटी मुकाट्याने परत गेल्या. सर्वांत आधी काठावर प्यायली. सर चोरट्यासारखे दाराआड उभे राहून बघत होते.

त्यानंतर फाटकावर नवी पाटी आली. 'कोंबड्यांना औषध दिले आहे. अंडी मिळणार नाहीत. चौकशी करू नये.' औषधाचा अंश अंड्यात उतरतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली मुदत संपेपर्यंत रोजची अंडी ते पेरूखालीच पुरत होते. बाकीच्या कोंबड्या सगळ्या वाचल्या. सरांचा स्वभावही वाचला. आठवड्याभरात "समजलं का?" पुन्हा सुरू झालं.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि मुलगी त्यांना बंगळूरला, अकराव्या मजल्यावर घेऊन गेली. निघताना टॅक्सी थांबवून ते माझ्या फाटकाशी आले. "सांभाळाल का?" एवढंच विचारलं. कोंबड्यांकडे बघितलं नाही. मी हो म्हटलं, आणि आठवड्यात पहिलं काम केलं ते खुराडं बांधून घेण्याचं.

दर रविवारी फोन येतो. चाऱ्यात काय घालावं, खुराड्याचं तोंड कुठल्या दिशेला हवं, मी काय चुकवते आहे, हे सगळं मला अकराव्या मजल्यावरून कळतं. मी फोन स्पीकरवर टाकून भाजी निवडते. परवा मात्र बोलता बोलता त्यांनी मध्येच विचारलं, "काठावर कशी आहे?"

"सगळ्यांत जास्त अंडी तिचीच," मी म्हटलं.



"तिचा पेपर मी नीट तपासला नव्हता," सर म्हणाले आणि फोन ठेवून दिला. ठेवू का, म्हणून विचारलंही नाही.